डावीकडचा कोपरा

दुपारचा चहा टाकायला म्हणून उठलो, हॉलमध्ये आलो आणि पाय ओल्यात पडला. गार नाही, कोमट. खाली बघायच्या आधी मी वर बघितलं. सवयच तशी. जन्मभर पाणीखात्यात गळत्या शोधत हिंडलो, त्यामुळे ओल दिसली की मान आपोआप छताकडे जाते, मग भिंतीकडे, मग आणखी लांब कुठेतरी. जिथे ओल आहे तिथे सगळ्यात शेवटी. खात्यात नव्याने आलेल्यांना मी हेच तर ओरडून सांगायचो, अरे, डबकं दिसलं की लगेच तिथेच काय कुदळ मारता, डबकं महालबाड असतं, पाणी येतं भलतीकडून. छत ठणठणीत कोरडं होतं. भिंत कोरडी. बाल्कनीच्या दाराला कडी. आणि डावीकडच्या कोपऱ्यात, त्या पिवळट ओलीच्या अगदी काठावर, पुढचे पाय जुळवून बाईसाहेब बसल्या होत्या. बाईसाहेब म्हणजे आमची कुत्री. एक कान उभा, एक पडका, रंग दुधाळ चहाचा, आणि तोरा असा की घराची कागदपत्रं हिच्याच नावावर असावीत. पण त्या दुपारी तोरा नव्हता. चूक झाल्यावर कुत्री कान पाडून, नजर चुकवून बघतात, तसंही नव्हतं. ती टक लावून माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी हललो तशी तिची नजर माझ्या पायांवर उतरली. "काय हे बाईसाहेब," मी म्हटलं, "परवाच ना पास झालात?"

पास म्हणजे लघवीच्या तपासणीत. त्याआधी तिला लघवीचं इन्फेक्शन झालं होतं आणि त्याने आमच्या नाकी नऊ आणले होते. सारखी दाराशी जायची, खाली नेलं की बसायची, बसूनच राहायची, आणि पडायचे चार थेंब. तेही लालसर. वर आलो की पुन्हा दाराशी. सोफ्याखाली थेंब, पायपुसण्यावर थेंब, आणि मध्ये मध्ये स्वतःला चाटत बसणं. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं पोट दाबून बघितलं तेव्हा तिने कण्हून माझ्या बाहीत तोंड खुपसलं. "सकाळची पहिली लघवी आणा," बाई म्हणाल्या, "आणि जमिनीवरची नको हं, वरच्यावर धरायची." घ्या! वरच्यावर धरायची. मग मी आमच्या हिच्या, म्हणजे गेलेल्या बायकोच्या, वेळचं लांब दांड्याचं ओगराळं उकळून घेतलं आणि इमारतीखालच्या बागेत कमरेत वाकून बाईसाहेबांच्या मागे मागे हिंडू लागलो. ती बसली की मी ओगराळं सरकवायचो, ओगराळं बघून ती उठायची, मग मीही उठायचो. वॉचमन बराच वेळ हे बघत होता. शेवटी न राहवून त्याने विचारलं, "आजोबा, काही हरवलंय का?" म्हटलं, "हरवलं नाही रे बाबा, सापडत नाहीये." सापडलं शेवटी, चमचाभर. त्यात जंतू निघाले, रक्त निघालं, गोळ्या सुरू झाल्या. लोण्यात लपवलेली गोळी ती लोणी चाटून झाल्यावर माझ्या चपलेत आणून ठेवायची. बाईंनी दम भरला होता की बरी दिसली म्हणून गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, आणि पाणी भरपूर पाजायचं. तिला हुरूप यावा म्हणून मी तिच्या भांड्याशेजारी बसून स्वतःही पेले रिचवायचो. ती सवय मला लागली ती लागलीच. हल्ली तहान फार लागते, उशाशी जग भरून ठेवला तरी पुरत नाही. असो. गोळ्या संपल्या, पुन्हा ओगराळं झालं, पुन्हा तपासणी झाली, सगळं स्वच्छ निघालं. बाईसाहेब झाडाशी बसून एका दमात मोकळ्या होऊ लागल्या. त्यानंतर हे.

मुलगी संध्याकाळी ऑफिसातून आली आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून कोपऱ्यात उभी राहिली. मी पुसून घेतलं होतं, पण वास काही माझं ऐकत नाही. "बाबा, पुन्हा?" ती म्हणाली. मी म्हटलं, थोडंसंच होतं. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तिसऱ्या दिवशी मला पुसायला उशीर झाला, तेव्हा तिने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. "हे थोडंसं? हा तलाव आहे तलाव! आणि ही फरशी कसली गुळगुळीत आहे. तुम्ही घसरलात, खुब्याचं हाड मोडलं, तर मी काय करू सांगा!" माझ्या पायांचा तिला आधीपासून भरवसा नाही. डाव्या पायाला करंगळी नाही. खात्यात असताना व्हॉल्व्हच्या खड्ड्यावरचं लोखंडी झाकण पडलं आणि ती गेली. ही म्हणायची, बरं आहे, देवळाबाहेर तुमची चप्पल शोधायला त्रास नाही, डावी वेगळीच झिजते. तर मुलीने गावाबाहेर एक ठिकाण शोधून ठेवलं होतं, एक बाई म्हाताऱ्या कुत्र्यांना सांभाळतात तिथे, मोकळी जागा आहे, सावली आहे. पुढच्या आठवड्यात शनिवारी ऑफिस लवकर सुटलं की ती परस्पर गाडी घेऊन येणार आणि बाईसाहेबांना सोडून येणार. हे सांगताना ती माझ्याशी मोठमोठ्याने, भराभर बोलत होती. ती माझ्याशी नेहमी तशीच बोलते, फोन कट होईल की काय या घाईत असल्यासारखी. मग कुत्रीकडे वळली आणि आवाज एकदम मऊ झाला. "चला हं," ती म्हणाली, "चला, शहाणं ते माझं, खाली जाऊन येऊ." हा आवाज तिने तिच्या आईकडून घेतला आहे. बाईसाहेब गेल्या तर या घरात मी म्हणजे एक टेबल. मुलगी जिवाला जीव देणारी आहे, तसं नाही, पण ती दिवसभर बाहेर आणि संध्याकाळी दमलेली. आमच्या हिला ओळखणारं, हिचं नाव घेतलं की कान टवकारणारं, दिवसभर माझ्याबरोबर असणारं एवढं एकच कोणी उरलं होतं. ते मला जाऊ द्यायचं नव्हतं.

दुपारी या घरात फार शांत असतं. मुलगी जाते, जिना धुतला जातो, वरच्या मजल्यावरचं खुर्ची सरकवणंसुद्धा बंद होतं, आणि बाल्कनीतून आलेलं ऊन फरशीवर पसरून पडतं. जेवून मी आडवा होतो. झोपेत हल्ली तेच ते स्वप्न पडतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. रस्त्यात उभा असतो, हातात आमचा तो लोखंडी दांडा, एक टोक जमिनीवर, दुसरं कानाला. खणणारे बाजूला विड्या विझवून गप्प उभे. जमिनीच्या पोटात कुठेतरी नळ फुटलेला असला की दांड्यातून आवाज येतो, बारीक, सूं करून, आणि तो एकदा पकडला की मी हात वर करून म्हणायचो, सापडली. स्वप्नातही तो आवाज येतो, जवळ जवळ येतो, मोठा होतो, मी म्हणतो सापडली, आणि सगळं अंग हलकं होतं. असलं सुख जागेपणी नाही. मग जाग येते, पलंगावरच असतो, जग रिकामा असतो, आणि हॉलमध्ये कोपऱ्यात ओल असते. शेजारी बाईसाहेब, पाय जुळवून. त्या बसण्यावरून मला काहीतरी आठवत होतं आणि आठवत नव्हतं. मग एका दुपारी तिच्यासमोर उकिडवा बसून ओल टिपत असताना आठवलं आणि हातातलं फडकं तसंच राहिलं. आमच्या खात्याच्या जुन्या क्वार्टरमध्ये पलंगावरून उठलं की डावीकडे जायचं, सरळ, आणि टोकाला न्हाणीघर. हिचं आजारपण होतं तेव्हा ही दिवसातून कितीदा तरी भिंत धरून तिकडे जायची, आणि बाईसाहेब दाराबाहेर अशाच, पुढचे पाय जुळवून, ही बाहेर येईपर्यंत बसून राहायच्या. मुलीच्या या घरात न्हाणीघर उजवीकडे आहे. डावीकडे कोपरा आहे, एक कुंडी आहे, आणि भिंत आहे. भिंतीकडे तोंड करून कुत्री कोणाची वाट बघते?

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. रात्रपाळ्या केल्या आहेत, उघड्या गटारांत उतरलो आहे, कधी काही दिसलं नाही. पण त्या दिवसापासून मी बाईसाहेबांवर लक्ष ठेवू लागलो, आणि मला बरं वाटेना. ती कोपऱ्यातून खोलीच्या दाराकडे नजर न्यायची, हळूहळू, कोणीतरी चालत जात असल्यासारखी, मध्येच थांबायची, पुन्हा न्यायची, आणि नजर येऊन थांबायची ती माझ्या पलंगावर. मी पलंगावर नसलो तरी. मी समोर खुर्चीत बसलेला असलो तरी. मी म्हणायचो, "काय गं, कोण आहे?" तर ती शेपटी एकदाच हलवायची, ओळखीचं कोणी असल्यावर हलवते तशी. मला हसू यायचं आणि मानेवर काटाही यायचा. कोपऱ्यात मुंग्या लागल्या होत्या. पुसून घेतलं तरी कुंडीच्या मागून रांग यायची, पुसल्या जागेभोवती गोळा व्हायची. मी पाय ओढत त्यांच्यावरून फडकं फिरवायचो आणि दुसऱ्या दुपारी त्या पुन्हा हजर.

मुलीलाही चैन पडेना. तिने एका संध्याकाळी जमिनीवरची ओल, मी पुसायच्या आत, सुई काढलेल्या सिरिंजने ओढून घेतली आणि आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई आधी रागावल्याच. "जमिनीवरचं आणू नका म्हणून सांगितलं होतं ना? यात काय काय आलं असेल कोण जाणे." तरी त्यांनी पट्टी बुडवली. पट्टीवरचा एक चौकोन बघता बघता गडद झाला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. साखर, त्या म्हणाल्या, भरपूर साखर. मग बाईसाहेबांच्या पायातून रक्त काढलं, त्यात साखर अगदी बरोबर, जेवढी हवी तेवढी. बाईंनी पुन्हा पोट दाबलं, काही दुखलं नाही. त्या म्हणाल्या, इन्फेक्शन असतं तर थेंब थेंब झालं असतं, कुंथली असती, रक्त असतं. तुम्ही सांगता तेवढं एकदम करायचं तर तिने पाणी किती प्यायला हवं! पिते का? मुलीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नाही हो, उलट भांडं तसंच भरलेलं राहतं. "मग गंमतच आहे," बाई म्हणाल्या. "हे तिचंच आहे ना नक्की? घरी दुसरं कोणी जनावर?" मुलगी म्हणाली, "दुसरं कोण असणार, मी ऑफिसात, घरी ही आणि बाबा." आणि हसली. बाईही हसल्या. मीही हसलो, चांगला मोठ्याने हसलो, तपासायच्या टेबलावरून बाईसाहेब मात्र माझ्याकडे बघत होत्या. घरी येताना गाडीत मला आमच्या हिची साखर आठवली. शेवटी शेवटी हिची साखर फार वाढली होती, डॉक्टर रोज बोट टोचायचे. मी खिडकीबाहेर तोंड केलं. मुलगी म्हणाली, "काय झालं बाबा?" म्हटलं, काही नाही, धूळ.

त्यानंतरच्या दुपारी मला लवकर जाग आली, का कोण जाणे, आणि मी उठून दारात आलो तर फरशीवर पावलं होती. ओली. कोपऱ्यापासून माझ्या खोलीकडे येणारी. उन्हाने काठ वाळत होते, माझ्या डोळ्यांदेखत ती पावलं लहान लहान होत गेली, बोटं पुसली गेली, टाचा उरल्या, मग टाचाही गेल्या. मी चौकटीला धरून उभा होतो. हिला पाय पुसायची सवय नव्हती. पायपुसणं पाहुण्यांसाठी असतं असा हिचा समज. न्हाणीघरातून निघाली की तशीच तडतड चालत घरभर पावलं उठवत जायची आणि मी ओरडायचो. किती ओरडलो असेन तिच्यावर त्या पावलांपायी. आता वाटलं, ये बाई, घरभर हिंड, मी ब्र काढणार नाही. भीती वाटली नाही, हे सांगायला हवं. आनंद झाला, लाज वाटावी इतका. आणि त्या आनंदात मी एक वाईट गोष्ट केली, गप्प बसलो. मुलगी आली, तिने कोपरा बघितला, बाईसाहेबांना बोलली, शनिवारचं नक्की म्हणाली, फोनवर त्या गावाबाहेरच्या बाईंनाही कळवलं, आणि मी वर्तमानपत्र धरून बसलो. काय सांगणार होतो? तुझी आई येते म्हणून? तिने मला दुसऱ्या मिनिटाला डॉक्टरकडे नेलं असतं. बाईसाहेब सोफ्याखाली जाऊन पडल्या. शिव्या कुत्रीला, आणि मला हवं ते मला. रात्री जेवण गेलं नाही.

शनिवारी मुलगी ऑफिसला गेली आणि मी विचार पक्का केला. पुरावा पाहिजे. पुरावा दाखवला की पोरीलाही बोलता येणार नाही, कुत्री वाचेल, आणि ही आहे हेही तिला कळेल. खात्यात आमची एक युक्ती होती, कुठलं पाणी कुठे जातंय ते कळेना की वरून रंग सोडायचा आणि खाली बघत बसायचं. इथे रंग कुठला. मुलीचा पावडरचा डबा आणला आणि खोलीच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत फरशीवर पातळ शिंपडला. मऊ, पांढरं, सारखं. वाकून वाकून कंबर मोडली. मग उलट्या पावलांनी खोलीत आलो, माझं स्वतःचं पाऊल उमटू नये म्हणून शेवटचं दारातून हात लांब करून शिंपडलं. बाईसाहेबांना कोपऱ्यात जाऊ द्यायचं नाही म्हणून सोफ्याच्या पायाला बांधलं होतं. त्या एकदाच भुंकल्या, बारीक. "गप्प," मी म्हटलं, "तुझ्यासाठीच चाललंय." जागं राहायचं ठरवलं होतं. पाणी प्यायलो, पुन्हा प्यायलो. ऊन भिंतीवरून खाली आलं. रस्ता आला. दांडा आला. सूं करून आवाज जवळ येत गेला.

जाग आली तेव्हा पावडरचा गोड वास आला. माझ्या चादरीवर पायाशी पांढरे डाग होते. मी ते बघितले आणि त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मी उठलो आणि दाराकडे गेलो, कारण मला हिची पावलं बघायची होती. होती ना. जाताना कोरडी, येताना ओली, पावडरचा चिखल झालेली, एकेक बोट वेगळं उमटलेलं, कोपऱ्यात ओल, आणि ओलीच्या दिशेने दोरी ताणून, पाय जुळवून बसलेली कुत्री. मी गुडघे टेकले. उजवं पाऊल बघितलं. मोठं होतं. हिचं पाऊल एवढंसं, माझ्या तळहातावर मावायचं. मग डावं बघितलं. अंगठा, त्याच्या शेजारी एक, आणखी एक, आणखी एक. आणि पुढे, करंगळी असायला हवी तिथे, पावडर तशीच होती, मऊ, पांढरी, कोणीही न मोडलेली.

मग मी फरशीवर बसून डावा पाय उचलून तळवा बघितला. तळवा पांढरा होता. जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं की पाणी भलतीकडून येतं, आणि छत बघितलं, भिंत बघितली, कुत्री बघितली, मेलेली बायकोसुद्धा बघितली, पण ज्याच्या पायांना जुनं घर पाठ आहे तो माणूस तेवढा बघितला नाही. ही आली नव्हती. हे सगळ्यात जास्त लागलं. बाकीचं नंतर लागलं, साखर, तहान, मुंग्या, डॉक्टरीणबाईंचं हसणं, एकामागून एक. पण आधी हेच, की ही आली नव्हती, एकदाही नाही. मी रडलो, आवाज काढून रडलो. बाईसाहेबांनी दोरी ओढली, मी सोडली, ती आली आणि माझी पावडर चाटू लागली, आणि मी तिचं तोंड हाताने बाजूला केलं, म्हटलं, नको गं, ते चांगलं नसतं.

मग उठलो आणि मोरीतून ओलं फडकं आणि बादली आणली. पुसायला कितीसा वेळ लागणार होता. गाडी यायला अवकाश होता. पुसलं असतं तर काही झालंच नव्हतं. बाईसाहेब गावाबाहेर सावलीत बसल्या असत्या, त्यांना तिथे बरंच वाटलं असतं, आणि मी उद्यापासून दुपारी दाराला आतून कडी घातली असती. मुलीला कळलं की पुढचं सगळं मला दिसत होतं, दवाखाना, बोटाला सुई, रबरी चादर, आणि शेजारणीला दबल्या आवाजात सांगणं. आमच्या हिच्या वेळी मीच सांगत होतो तसं. फडकं पिळलं. बाईसाहेब पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसल्या होत्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ती तिथे रोज का बसते. ती न्हाणीघराबाहेर बसली होती. आमच्या घरातलं माणूस आजारी असलं आणि तिकडे गेलं की ती बाहेर बसते, ते परत येईपर्यंत. एवढंच तिचं काम, आणि ते तिने एक दिवस चुकवलं नव्हतं. मी फडकं बादलीत टाकलं आणि बादली परत मोरीत ठेवून आलो.

कुलपात किल्ली फिरली तेव्हा मी तिच्या शेजारी फरशीवर बसलो होतो. मुलीच्या हातात नवा पट्टा होता, लाल. "अरे देवा, हे काय केलंय, ही पावडर—" आणि मग ती थांबली. मी काही बोललो असतो, मनात जुळवाजुळवही केली होती, पण तोंडातून निघालं ते खात्यातलं जुनंच. "सापडली," मी म्हटलं, "हिला नेऊ नकोस." आणि डावा पाय पुढे केला. तिने पायाकडे बघितलं, मग पावलांवरून तिची नजर गेली, कोपऱ्यापासून, हळूहळू, मध्येच थांबून, खोलीच्या दारापर्यंत आणि आत माझ्या पलंगापर्यंत. बाईसाहेबांची जायची अगदी तशीच. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर फार बरं झालं असतं. तिने पट्टा खुंटीला अडकवला, पर्स खाली ठेवली, सलवार गुडघ्यापर्यंत वर खोचली आणि पावडरीतून चालत आमच्यापर्यंत आली. वाकली. हात पुढे केला.

"चला हं," ती म्हणाली. मऊ. हळू. अजिबात घाई नसलेल्या आवाजात. "चला, पाय धुऊन घेऊ."

कोणाला म्हणाली ते मी विचारलं नाही. आम्ही दोघंही उठलो आणि तिच्या मागून निघालो, उजवीकडे.